पोट मोठं, पण अंडी नाहीत

परभणीकडच्या आमच्या शेततळ्यातल्या रोहूच्या माद्या दिसायला भरलेल्या, पण अंडी सुटावीत म्हणून हार्मोनचं इंजेक्शन देऊनही अंडी सोडेनात. एक मादी चिरून पाहिली तर आतड्याभोवती पिवळसर चरबीचे थर आणि अंडाशय बारीक. अति लठ्ठ कालवड गाभण राहत नाही, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. इथंही तेच.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नर-माद्या वेगळ्या केल्या, तळ्यातली गर्दी कमी केली. नुसता भाताचा कोंडा बंद. शेंगदाणा पेंड, कोंडा आणि सुकटीची भुकटी असं मिश्रण सुरू केलं, प्रथिनं 25-30 टक्के बसतील असं. तेही रोज माशांच्या वजनाच्या 2-3 टक्केच. सरकीची पेंड स्वस्त पडते खरी, पण तिच्यातलं गॉसिपॉल प्रजननाला मारक, म्हणून टाळली. उपाशी ठेवणंही परवडत नाही. अंड्यातला बलक आईच्या खाण्यातूनच भरतो आणि रोडावलेली मादी अंडी परत अंगात जिरवते.

मृग लागल्यावर माद्यांचं पोट हाताला मऊ लागलं, गुदद्वार लालसर. नराचं पोट हलकं दाबलं की दुधासारखं वीर्य येई. संध्याकाळी इंजेक्शन, पहाटे हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पेटीत, अंडीच अंडी! इंजेक्शनाच्या दिवशी मात्र खाद्य अजिबात टाकत नाही, पाणी घाण होतं.