बीव्हेक तपासल्याशिवाय ट्रॅक्टोग्राफी करू नका

ट्रॅक्टोग्राफी म्हणजे डिफ्यूजन एमआरआयवरून, म्हणजे पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनवरून, मेंदूतल्या तंतूंचे मार्ग काढणे. स्कॅनमधले प्रत्येक व्हॉल्यूम (मेंदूचे एक पूर्ण त्रिमितीय चित्र) कोणत्या दिशेने मोजले ते बीव्हेक फाइलमध्ये असते. तिच्यात तीन ओळी असतात आणि जितके व्हॉल्यूम तितके स्तंभ. बीव्हॅलमधले, म्हणजे प्रत्येक व्हॉल्यूमची डिफ्यूजन-तीव्रता सांगणाऱ्या फाइलमधले, आकडेही तितकेच हवेत. ही मोजणी मिनिटभराची. खरी गोम दिशांच्या अधिक-उणे चिन्हांत आहे.

एफएसएल या मेंदू-चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या बीव्हेकमधल्या दिशा स्कॅनरच्या नव्हे, चित्राच्या अक्षांवर मोजलेल्या असतात. त्यामुळे त्यातल्या एफएसएलस्वॅपडिम या अक्ष बदलणाऱ्या आज्ञेने फक्त चित्र फिरवले तर दिशा जुन्याच राहतात. संपूर्ण सदिश उलटा झाला तरी बिघडत नाही, कारण डिफ्यूजन दोन्हीकडे सारखेच मोजले जाते. पण एकाच अक्षाचे चिन्ह उलटले की तिरके तंतू आरशातल्यासारखे भलतीकडे वळतात. रंगीत एफए नकाशा (तंतूंची दिशा रंगांनी दाखवणारे चित्र) इथे हमखास फसवतो: त्यात चिन्ह गाळलेले असते, म्हणून रंग अगदी बरोबर दिसतात!

म्हणून एफएसएलचे डीटीआयफिट चालवून व्ही१, म्हणजे प्रत्येक बिंदूतली तंतूंची मुख्य दिशा, रेषांच्या रूपात एफएसएलआइज या चित्रदर्शकात उघडा. आडव्या छेदात कॉर्पस कॅलोझमच्या (मेंदूचे दोन अर्धगोल जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्याच्या) पुढच्या टोकाकडून निघालेल्या रेषा पांढऱ्या द्रव्याच्या वळणाबरोबर कपाळाकडे वळायला हव्यात. वळण काटून जात असतील तर एक अक्ष उलटा करून पुन्हा पाहा. डोक्याच्या उभ्या छेदातही तपासा. एमआरट्रिक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधले डीडब्ल्यूआयग्रॅडचेक हेच आपोआप करते.

एडी या एफएसएलच्या डोक्याची हालचाल दुरुस्त करणाऱ्या साधनानंतर मात्र मूळ बीव्हेक वापरू नका. डोके जितके फिरले तितक्या दिशा फिरवलेली नवी फाइल एडी स्वतः लिहिते, तीच पुढे न्या.