निकालाआधी साक्षीदार पाहा

मेल्यानंतरच्या न्यायनिवाड्याची कथा परीक्षणाला घेतली की लेखणी आपसूक निकालाकडे धावते. स्वर्ग की नरक? तिथून सुरुवात करू नका. आधी टिपून ठेवा की न्यायाधीश कोण आहे, आणि आरोपीबद्दल सगळं ठाऊक असलेलं पात्र कोणत्या जागी बसवलंय.

चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२९ सालच्या संग्रहातली शेवटच्या निवाड्याची कथाच घ्या. कुग्लर नावाचा खुनी मरून कोर्टात उभा राहतो. देव तिथे न्यायाधीश नाही, साक्षीदार आहे. निवाडा देतात ती माणसंच, कारण ज्याला सगळंच माहीत आहे त्याला न्याय करता येत नाही. (टीप लिहायची म्हणून मी हे फोडलं, परीक्षणात मात्र जपून.) कथेचा जीव या जागाबदलात आहे, तेव्हा निम्मी जागा त्यालाच द्या. मग बारीक तपशील शोधा. देवाच्या साक्षीत खुनांच्या जोडीने कुग्लरची लहानपणी हरवलेली रंगीत काचेची गोटीही येते. अशी एक गोटी दाखवलीत की ‘कथा अंतर्मुख करते’ हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य लिहावं लागत नाही.

चित्रगुप्ताच्या वहीशी तुलना करायचा मोह आपल्याला होणारच. करा, पण एकाच वाक्यात: आपल्याकडे नोंदींवरून यम निवाडा देतो, इथे सगळं जाणणाराच निवाड्यातून अंग काढून घेतो.