जुन्या बुलेटचं हेड गॅसकेट: न गळणारं बसवायचं कसं

बिडाचं बॅरल (सिलिंडर) असलेल्या बुलेटचं हेड (बॅरलवरचं झाकण) गळायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: हेड लेथवर नेऊन फेसिंग मारून (सांध्याचा पृष्ठभाग, म्हणजे फेस, कापून सपाट करून) आणा, नवीन पॅकिंग (गॅसकेट) टाका, वरून सिलिकॉन फासा. दोन आठवड्यांनी उजव्या बाजूच्या फिन्सवर पुन्हा तेल. मग दोष पॅकिंगच्या माथी मारला जातो, दुसरं आणलं जातं, फेसिंगचा आणखी एक हात मारला जातो आणि गळती वाढतच जाते. गॅसकेट बहुतेक वेळा निर्दोष असतं. हेड आणि बॅरल एकमेकांत बसतात कसे, हे न मोजता काम केलं जातं, दुखणं तिथे आहे.

हा लेख ३५० सीसीच्या जुन्या इंजिनाबद्दल आहे: ७० मिमी बोअर (सिलिंडरच्या भोकाचा व्यास), ९० मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल), बिडाचं बॅरल, ॲल्युमिनियमचं हेड. टाकी उतरवणं, कार्ब्युरेटर सोडवणं, सायलेन्सर काढणं तुम्हाला येतं असं धरून चाललो आहे. ते येत नसेल तर हे काम आत्ता हातात घेऊ नका.

गळती खरंच हेडची आहे का?

इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं करा, फिन्सवर टाल्कम पावडर भुरभुरवा, गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा आणि पावडर सगळ्यात वर कुठे ओली झाली ते बघा. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे ठिपका जिथे दिसतो तिथे उगम असेलच असं नाही. रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे तरफेसारखे हात) कव्हरचं पॅकिंग आणि रॉकरला तेल नेणाऱ्या नळीच्या बँजो बोल्टचे (पोकळ बोल्टचे) वॉशर हे नेहमीचे गुन्हेगार. त्यांच्यासाठी हेड उतरवायची गरज नाही.

ब्रीदरही तपासा. क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या पेटीच्या) ब्रीदरचा, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणाऱ्या वाटेचा, रबरी डकबिल (एकदिशा व्हॉल्व्ह) कडक होऊन चिकटला किंवा नळी गाळाने तुंबली, की आतला दाब तेलाला मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलतो. असल्या इंजिनात कितीही सुंदर बसवलेलं गॅसकेट पाझरणारच.

सांध्यावर साबणाचं पाणी लावून किक मारल्यावर बुडबुडे आले, किंवा फिन्सवर काजळीचा काळा पट्टा दिसला, तर ती कॉम्प्रेशनची गळती. उजव्या बाजूला, पुशरॉडच्या (रॉकर ढकलणाऱ्या उभ्या सळ्यांच्या) बोगद्यांपाशी नुसतं स्वच्छ तेल येत असेल तर बोगद्यांभोवतीचा सांधा सैल आहे. दोन्ही सांधे एकाच गॅसकेटवर अवलंबून आहेत, हे लक्षात ठेवा.

खोलणं आणि साफसफाई

पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात वरच्या टोकाला) आणा, रॉकर आणि त्यांचे ब्लॉक जोडीजोडीने वेगळे बांधून ठेवा, पुशरॉड कुठला इनलेटचा आणि कुठला एक्झॉस्टचा यावर खूण करा. हेडला फ्रेमशी जोडणारी पट्टी सोडवा. इंजिन पूर्ण गार असतानाच हेडचे नट थोडे थोडे, आलटून पालटून सैल करा. हेड अडकलं तर फिन्समध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. फिन तुटते आणि सांध्याच्या फेसवर ओरखडा पडतो तो वेगळाच.

जुनं कॉम्पोझिट पॅकिंग खरवडताना ते ओलं ठेवा आणि तारेचा ब्रश लावू नका. त्या काळच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, त्याची कोरडी धूळ छातीत जाता कामा नये. ॲल्युमिनियमवर लोखंडी पातं वापरायचं नाही, पितळेची पट्टी किंवा कठीण प्लास्टिक घ्या.

स्पिगॉट: सगळं काम इथे बिघडतं

बॅरल वरून बघा. बोअरभोवती एक गोल कडा आजूबाजूच्या सपाट फेसपेक्षा वर आलेली दिसेल. हा स्पिगॉट. हेडमध्ये त्याला सामावून घेणारी गोल खाच असते. गॅसकेट बसतं ते स्पिगॉटच्या बाहेरच्या सपाट भागावर, आणि तेच पुढे पुशरॉडच्या बोगद्यांभोवतीही जातं.

नट आवळल्यावर गॅसकेट दाबलं जायला हवं. पण स्पिगॉटचा माथा त्याआधीच खाचेच्या तळाला टेकला, तर सगळा दाब तिथे जातो आणि गॅसकेट नुसतं मध्ये पडून राहतं. नट कितीही आवळा, टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवेल आणि बोगद्यांपाशी तेल येतच राहील. गॅसकेटला दाब पोचतच नसतो.

म्हणून तीन मापं घ्यायची. व्हर्नियरच्या डेप्थ रॉडने बॅरलच्या फेसपासून स्पिगॉटची उंची आणि हेडच्या फेसपासून खाचेची खोली, दोन्ही चार-चार ठिकाणी. तिसरं, गॅसकेटची जाडी. भरीव तांब्याचं गॅसकेट जवळपास मूळ जाडीलाच राहतं. कॉम्पोझिट मात्र दबतं, त्यामुळे त्याची जाडी वापरलेल्या तुकड्यावर मोजा, नव्यावर नाही. गणित सोपं आहे: खोली अधिक गॅसकेटची जाडी वजा स्पिगॉटची उंची. उत्तर शून्याच्या वर यायलाच हवं. मी साधारण ०.१ मिमी फट धरतो. फार मोठी फट ठेवली तर तिथे कार्बन साठतो आणि गॅसकेटची आतली कड थेट ज्वाळेच्या माऱ्यात येते.

केवळ गणित दाखवण्यासाठी आकडे घेऊ. खाच ४.२०, गॅसकेट १.००, स्पिगॉट ५.१०. फट ०.१० मिमी, उत्तम. आता लेथवाल्याने हेडच्या फेसवरून ०.२० उडवले. खाच झाली ४.००, आणि फट उणे ०.१०. स्पिगॉट आधी टेकणार. फेस आरशासारखा सपाट आणि गळती आधीपेक्षा जास्त, हे कोडं असं सुटतं. बॅरलच्या फेसवरून कट घेतला तरी तेच, कारण तिथला धातू काढला की स्पिगॉटची उंची वाढते. हेड असो वा बॅरल, फेसवरून जितकं काढाल तितकी फट कमी झाली. म्हणजे फेसिंग करायचंच असेल तर टर्नरला दोन कामं सांगायची: फेस सपाट कर, आणि तेवढंच माप स्पिगॉटच्या माथ्यावरून किंवा खाचेच्या तळातून काढ. स्पिगॉटवरून काढणं सोपं. बॅरल बोअरमध्ये मॅन्ड्रेल (आतून धरणारा दांडा) घालूनच धरायला लावा, बाहेरच्या फिन्सवर चक आवळू देऊ नका.

मापावर विसंबून थांबू नका, प्रत्यक्ष खात्री करा. स्पिगॉटच्या माथ्यावर चार दिशांना मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसिनच्या बारीक गोळ्या ठेवा, हेडच्या खाचेला तेलाचं बोट फिरवा, जुनं पण त्याच जाडीचं गॅसकेट टाकून हेड हलकं आवळा आणि पुन्हा उचला. गोळ्यांच्या चकत्या झालेल्या असतील. ब्लेडने कापून जाडी बघा. एखादी चकती पारदर्शक होईपर्यंत चेपलेली असेल तर तिथे धातूला धातू लागतो आहे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघाली तर हेड तिरकं बसतं आहे. त्याचं कारण बहुतेकदा खाचेच्या कोपऱ्यात दगडासारखा घट्ट बसलेला कार्बन असतो. नुसत्या डोळ्यांना तो धातूच वाटतो. टोकदार बांबूच्या काडीने आणि कार्बन क्लीनरने तो कोपरा पूर्ण रिकामा करा, मगच पुन्हा मोजा.

फेस सपाट आहे की नाही ते स्टीलच्या सरळ पट्टीने आणि फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाने) बघायचं, कर्णांवरसुद्धा. ०.०५ मिमीची पाती कुठे शिरली तर काम करावं लागेल. थोडक्या वाकासाठी हेड जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून रॉकेलच्या ओलाव्यावर आठच्या आकड्यात फिरवा, आधी २४० मग ४०० नंबर. बॅरल असं काचेवर घासता येत नाही, स्पिगॉट आडवा येतो.

इथे आणखी एक चुकीचा सल्ला निकालात काढतो: हेड आणि बॅरलमध्ये व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावून एकमेकांवर घासा. गॅसकेटशिवाय, धातूवर धातू बसणाऱ्या सांध्याला हे ठीक. पण स्पिगॉटची उंची खाचेपेक्षा जास्त असेल, जशी वरच्या उदाहरणात आहे, तर गॅसकेट नसताना फेस एकमेकांना लागतच नाहीत. पेस्ट फक्त स्पिगॉट आणि खाच झिजवते. तासभर घासूनही ज्या फेससाठी घासलं तो होता तसाच राहतो.

तांबं मऊ करणं

गॅसकेट दोन प्रकारची मिळतात. कॉम्पोझिट एकदाच वापरायचं, उचकटलं की कचऱ्यात. भरीव तांब्याचं पुन्हा वापरता येतं, आणि माझं मत तांब्याच्या बाजूने आहे. पण तांबं दाबाखाली कडक होत जातं. कडक गॅसकेट फेसच्या बारीक खाचखळग्यांत शिरत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी, नवीन असलं तरी, ते तापवून मऊ करून घ्या.

सपाट लोखंडी पत्र्यावर ठेवा आणि अंधाऱ्या जागी गॅसच्या टॉर्चने गोल फिरवत तापवा. मंद लाल झळाळी सगळीकडून आली की पुरे. भगवं होईपर्यंत थांबू नका. तापलेलं तांबं लोंबतं, चिमट्याने एका कडेला धरून उचललं तर वाकडं होईल. नंतर पत्र्यासकट पाण्यात सोडा. पोलाद पाण्यात बुडवलं की कडक होतं म्हणून अनेक जण इथे कचरतात. तांब्याचं तसं होत नाही. हळू गार करा किंवा पाण्यात टाका, मऊपणा तोच. पाण्याने वरची काळी खपली सुटते हा वाढीव फायदा. उरलेली खपली भांडी घासायच्या हिरव्या चोथ्याने काढा. सुतळीला टांगून नखाने टिचकी मारा: बद्द आवाज आला तर मऊ झालं, टणत्कार आला तर पुन्हा तापवा.

सीलंट किती आणि कुठे

बोअरभोवती काहीही लावायचं नाही. सिलिकॉन तिथे जळतं आणि जळाल्यावर तेवढी वाट मोकळी करून देतं. पुशरॉडच्या बोगद्यांभोवती मात्र भरीव तांब्याला मदत लागते, कारण तिथे ज्वाळेचा दाब नसतो, पण पातळ गरम तेल असतं. जास्त तापमान सोसणाऱ्या सीलंटचा बोटाने पसरलेला, धातूचा रंग खालून दिसेल इतका पातळ थर, दोन्ही बाजूंना. कडेने बाहेर आलेला गोळा दिसला म्हणजे तितकाच गोळा आतही गेला आहे, आणि आतला तुटून तेलाच्या वाटेत जातो.

आवळणं

स्टडचे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करा आणि नट हाताने शेवटपर्यंत फिरतो का बघा. जुन्या बुलेटला इंची आटे आहेत, मिलिमीटरचा पाना जेमतेम बसवून नटाची डोकी गोल करू नका. बशीसारखे खोलगट झालेले वॉशर फेकून सपाट, कडक घ्या.

आधी सगळे नट बोटाने. मग समोरासमोरच्या जोड्यांनी तीन टप्प्यांत: एक तृतीयांश, दोन तृतीयांश, पूर्ण. या इंजिनासाठी पूर्ण म्हणजे २४ फूट-पौंड, अंदाजे ३२ न्यूटन-मीटर. आपल्या वर्षाच्या मॅन्युअलशी ताडून घ्या आणि आटे कोरडे की तेलाचे, तेही वाचा. तेल लावलेल्या आट्यावर त्याच आकड्याला ताण बराच जास्त पडतो. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून हेड आवळून घेऊ नका. पहिला नट आणि शेवटचा नट यांत हाताचा अंदाज बदलतोच.

नंतर पुशरॉड, रॉकर, तेलाची नळी. टॅपेट (पुशरॉड आणि रॉकरमधला ढिलेपणा) गार इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला ठेवून लावा: पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, वरखाली मात्र हलता कामा नये.

पुन्हा आवळणं टाळू नका

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पोलादी स्टड तितके वाढत नाहीत. त्यामुळे इंजिन गरम झालं की हेड गॅसकेटवर आणखी दाबतं, गॅसकेट बसतं, आणि गार झाल्यावर नटावरचा ताण मूळपेक्षा कमी भरतो. इंजिन व्यवस्थित गरम होईपर्यंत चालवा, रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पुन्हा आवळा. एका वेळी एकच नट पाव फेरा सैल करून परत पूर्ण टॉर्कला आणायचा. नुसता पुढे ढकलून बघितला तर अडकलेला आटाच रेंचला फसवतो. त्यानंतर १०० किलोमीटरला आणि ५०० किलोमीटरला एकदा. कॉम्पोझिट असेल तर १०० चा टप्पा चुकवणं म्हणजे केलेलं काम वाया घालवणं.

दर वेळी हेड केसभर खाली येतं, म्हणून दर वेळी टॅपेट पुन्हा लावा. पुशरॉड ताणलेला राहिला तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते.

५०० किलोमीटरनंतरही बोगद्यांपाशी ओल दिसली तर नट आणखी आवळू नका. लांब स्टड ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमध्ये रुतलेले आहेत, जादा ताणाने तिथले आटे उपटून येतात आणि मग पूर्ण इंजिन खाली उतरवावं लागतं. हेड उचला, प्लॅस्टिसिन घ्या आणि स्पिगॉटची फट पुन्हा मोजा.