डॉइच आणि इंग्लिशमधली तिरपी रेघ

व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट, राहायची खोली, हे सांगणारे तुम्हाला ढीगभर भेटतील. मी फक्त एका सेमिस्टरसाठी जर्मनीला जाताना विषय कसे निवडायचे, त्याबद्दल लिहितोय. माझं तिथंच चुकलं आणि परत आल्यावर ते निस्तरत बसावं लागलं.

मी लातूर जिल्ह्यातला, मेकॅनिकल संभाजीनगरला. सातव्या सेमिस्टरला जर्मनीत गेलो. सेमिस्टरला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, म्हणजे सहा-सहा क्रेडिटचे पाच विषय. एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. मॉड्यूल हँडबुक, म्हणजे तिथल्या विषयांची माहितीपुस्तिका, उघडलं. दोन विषय सरळ इंग्रजीतले मिळाले. उरलेल्या तिघांच्या भाषेच्या रकान्यात ‘डॉइच/इंग्लिश’, म्हणजे जर्मन/इंग्रजी, लिहिलं होतं. इंग्रजी चालतंय म्हणून तेही घेतले, लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कोणते विषय घेणार त्या करारावर, एचओडी सरांची सही घेतली आणि निर्धास्त झालो.

त्या तिरप्या रेघेपाशी थांबा. ‘तुम्हाला हवी ती भाषा’ असा तिचा अर्थ नसतो. बऱ्याचदा शिकवणाऱ्याला हवी ती भाषा, असा असतो. कुठे स्लाइड इंग्रजीत आणि बोलणं जर्मनमध्ये. कुठे तास जर्मनमध्ये, पण पेपर इंग्रजीत लिहिला तर चालतो. आणि हँडबुक असतं अख्ख्या अभ्यासक्रमाचं, तुम्ही जाणार त्या सेमिस्टरचं नाही. या खेपेला कोण शिकवणार आणि कोणत्या भाषेत, हे ‘फोरलेझुंग्सफेरत्साइखनिस’मध्ये, म्हणजे त्या सेमिस्टरच्या तासांच्या यादीत बघायचं. विषयाचं नाव इंग्रजी आहे म्हणून तास इंग्रजीत होईल, असंही धरू नका.

पहिल्या तासाला पडद्यावर स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह होता, आपला दुसऱ्या वर्षापासूनचा ओळखीचा. सर जर्मनमध्ये बोलत होते आणि सारखं ‘श्पानुंग, श्पानुंग’ ऐकू येत होतं. जर्मनच्या बी-वनच्या क्लासात (ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांतली तिसरी) मी ‘श्पानेंड’ शिकलो होतो, म्हणजे उत्कंठा वाढवणारं. श्पानुंग म्हणजे स्ट्रेस, आणि इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी तोच शब्द व्होल्टेज, हे मला दुसऱ्या आठवड्यात कळलं. मराठी शाळेतून दहावी करून अकरावी सायन्सला बसलेल्यांना हा अनुभव नवा नाही. पण तेव्हा सावरायला दोन वर्षं होती. तिकडे ऑक्टोबरच्या मध्यावर तास सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतातही.

बी-वन वाया जात नाही. दुकान, दवाखाना, घरमालक, एवढं त्यावर निभतं. विषयाचा तास समजायला मात्र बी-टू हवंच, आणि पूर्ण पदवी जर्मनमध्ये करायची तर सी-वनच्या आसपासची तयारी लागते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशोबाने बी-टूपर्यंत ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका लागतात. कमीत कमी आकडा धरला तरी साडेचारशे तास होतात, म्हणजे तीन महिने रोज पाच तास, एकही रविवार न सोडता. ‘तीन महिन्यांत बी-टू’ असा बोर्ड लावणाऱ्या क्लासला एक रुपयाही देऊ नका. यावर माझ्याशी कुणी कितीही वाद घातला तरी मी बदलणार नाही.

सीनियरच्या ‘सोप्या विषयांच्या’ यादीवरही विसंबू नका. सीनियर मनानं चांगलेच असतात, पण यादी त्यांच्या सेमिस्टरची असते. कितीतरी विषय फक्त हिवाळ्यात किंवा फक्त उन्हाळ्यातच चालतात.

तिकडे पोचल्यावर जर्मनच्या वर्गासाठी आइनश्टुफुंग्सटेस्ट, म्हणजे कोणत्या पायरीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी चाचणी, होते. तिची घोकंपट्टी करू नका. माझ्याकडे बी-वनचं सर्टिफिकेट होतं, तरी मला एक पायरी खाली, ए-टूच्या उत्तरार्धाच्या वर्गात टाकलं. दोन दिवस मनाला फार लागलं. पण मी बोलायला लागलो तो त्याच वर्गात. त्या वर्गाचे क्रेडिट आपल्या कॉलेजात धरतात की नाही, हे मात्र निघण्याआधी लेखी विचारून ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात मी दोन विषय सोडले. तोवर इंग्रजीतल्या दुसऱ्या विषयांच्या जागा भरल्या होत्या. तिसांचे अठरा क्रेडिट झाले आणि परत आल्यावर दोन पेपर इथे द्यावे लागले. अण्णांना सांगायला मला चार दिवस लागले. ते तेव्हा मोंढ्यावर सोयाबीन घेऊन आले होते, मागं मापाड्याचा आवाज येत होता. सगळं ऐकून म्हणाले, “मंग जमत नाय ते सोड की. जेवतूस ना येळेवर?” विषय सोडणं तिकडे खरंच नेहमीचं आहे, कुणी वाईट नजरेनं बघत नाही. मुदतीच्या आत सोडा, एवढंच. आणि तासाला नाव घातलं म्हणजे परीक्षेला घातलं, असं समजू नका. परीक्षेची नोंदणी बहुतेक ठिकाणी वेगळी असते, तिची मुदत सेमिस्टर चालू असतानाच संपते. ती चुकली तर रडून उपयोग नाही.

जाण्याआधी प्रत्येक विषयाच्या प्राध्यापकांना मेल करा: या सेमिस्टरला वर्गात कोणत्या भाषेत बोलणार, परीक्षा कोणत्या भाषेत, लेखी की तोंडी. ‘दोन्ही’ असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. लाजू नका, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. माझ्या तिसऱ्या विषयाच्या सरांना मी नोव्हेंबरात असा मेल टाकला. दुसऱ्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: परीक्षा तोंडी आहे, इंग्रजीत दिली तरी चालेल. तो विषय मी ठेवला.