डॅफोडिलला पाणी कधी, किती

इंदूरच्या काळ्या मातीत डॅफोडिलचे कांदे थेट लावू नका. ही माती पाणी धरून ठेवते आणि कांदा बुडातून कुजतो. कुंडीत वाळू सढळ हाताने मिसळा. नोव्हेंबरात लावताना एकदा भरपूर पाणी, मग बोट दोन पेरं खुपसून बघायचं. ओल लागली तर झारी ठेवून द्या. कळी धरल्यावर मात्र माती सुकू देऊ नका.

फुलं गेली की बहुतेक जण पाणी तोडतात, तिथेच चुकतं. पुढच्या वर्षाचं फूल पानांच्या जोरावर कांद्यात घडतं. पानं पिवळी पडेपर्यंत, साधारण ६ आठवडे, पाणी चालू ठेवा. मग पूर्ण बंद.

पावसाळ्यात कुंडी आडोशाला ओढा. आमची एकदा गच्चीवरच राहिली. जुलैत कांद्याचा नुसता लगदा हाती आला, वास तर विचारूच नका!