पोस्टपेड बंद करताना या चुका टाळा (सिम ड्रॉवरमध्ये टाकणं ही पहिली)

मुदत संपली की पोस्टपेड आपोआप बंद होतं, हा समज कोणी पसरवलाय देव जाणे. प्रीपेडचं ठीक आहे, रिचार्ज केला नाही तर कोणी बिल पाठवत नाही. पोस्टपेडमध्ये वर्षाचा बाँड, म्हणजे तेवढे दिवस कनेक्शन ठेवायची अट, संपला की फक्त तुमच्यावरचं बंधन सुटतं, कनेक्शन दर महिन्याला चालू राहतं आणि बिलही. ऐरोली-घणसोलीच्या आयटीतल्या पोरांना दुसऱ्याच्या कोडमधला बग लगेच दिसतो, पण हे दिसत नाही.

आमचा मावसभाऊच घ्या. फोनसोबत वर्षाचा प्लॅन घेतलेला, वर्ष झालं, साहेबांनी नवीन सिम घेतलं, जुनं ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ॲपमधून ऑटोपे काढला. पैसेच कापले जाणार नाहीत तर बिल कसलं, हे त्याचं लॉजिक. अरे बाबा, ऑटोपे काढला म्हणजे कंपनीला तुझ्या खात्यातून परस्पर पैसे घेता येणार नाहीत, एवढंच. बिलं निघत राहिली. ईमेल गेले प्रमोशन्सच्या टॅबमध्ये आणि एसएमएस त्या ड्रॉवरमधल्या सिमवर. वर लेट फी चढली, मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू, आणि तेही मावशीला, कारण फॉर्मवर पर्यायी नंबर तिचा होता. मावशी वर्तकनगरला एकटी राहते, कोणीतरी तिला 'कोर्टाची नोटीस येईल' म्हणालं, तर रात्री घाबरून मला फोन. दुसऱ्या दिवशी ह्याला धरून कंपनीच्या गॅलरीत (दुकानात) नेलं तर काउंटरवरच्या मुलीने सरळ स्क्रीनच आमच्याकडे फिरवली, कनेक्शन बंद करायची रिक्वेस्टच नाही. हा म्हणतो, "मी कस्टमर केअरला बोललो होतो." कधी? डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) काय? गप्प! वर तोच जुना मोबाईल नंबर ह्याच्या पीएफला जोडलेला, म्हणून पोर्ट करायला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला गेला तर त्यासाठी लागणारा कोड, यूपीसी, नाकारला, थकबाकी आहे म्हणून. शेवटी लेट फीसकट सगळं भरलं तेव्हा सुटला.

तोंडी सांगितलेलं मी धरतच नाही. रिक्वेस्ट टाकायची, डॉकेट नंबर घ्यायचा, स्क्रीनशॉट स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवायचा. कंपनीने टोलवाटोलवी केली तर तोच डॉकेट नंबर घेऊन त्यांच्याच अपील ऑथॉरिटीकडे (वरच्या तक्रार कक्षाकडे) 30 दिवसांत जाता येतं. ट्रायला, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाला, टॅग करून शिव्या घालणाऱ्यांनो, ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही.

दुसरी चूक याच्या उलटी. नंबर ठेवायचाय, कंपनी बदलायचीये, आणि माणूस आधी कनेक्शन बंद करून येतो! नंबर बंद झाला की पोर्ट काय करणार, कपाळ? पोर्ट झालं की जुनं कनेक्शन आपोआप बंद होतं, वेगळं काही करायला लागत नाही. चालू सिमवरून 1900 ला PORT लिहून स्पेस देऊन नंबर पाठवा, यूपीसी येतो, तो आपल्याकडे 4 दिवस चालतो. मात्र कनेक्शन घेऊन 90 दिवस झालेले हवेत, थकबाकी नको आणि बाँड शिल्लक नको. नुकतंच सिम बदललं असेल तर 7 दिवस थांबा, जुलै 2024 पासून तसा नियम आहे. नवीन सिम चालू व्हायला 3 कामाचे दिवस. पुण्याहून नंबर घेऊन आलेल्यांना 5, कारण टेलिकॉमच्या विभागणीत पुणं महाराष्ट्र सर्कलमध्ये आणि ठाणे-नवी मुंबई मुंबई सर्कलमध्ये. सकाळी मेसेज टाकून संध्याकाळी 'अजून झालं नाही' म्हणून मला फोन करू नका.

पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल येतं, तेही भरा. नाही भरलं तर ते नवीन कंपनीला कळवून तुमचा नंबर बंद करायला लावू शकतात. हे कोणाला खरंच वाटत नाही.

नंबर कायमचाच सोडताय? मग आधी ओटीपी हलवा. सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला तरी मिळतो आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे जातात. मी महिनाभर आधी मेसेजमध्ये 'OTP' सर्च करतो आणि कोण कोण पाठवतंय ते वहीत लिहितो. बँक आणि आधार सगळ्यांना आठवतं. फास्टॅग, डीमॅट, गॅस, महावितरण आणि आईचं पेन्शन खातं आठवत नाही. एकेक बदलायचं, नवीन नंबरवर मेसेज आला की मगच खूण. कंटाळवाणं काम आहे, शॉर्टकट शोधू नका, नाहीये.

फॅमिली प्लॅनमध्ये मुख्य नंबर बंद करण्याआधी बायकोच्या आणि बाबांच्या नंबरचं काय होणार ते विचारा.

बंद करायला गेलात की 'सर, तीन महिने डिस्काउंट' असा फोन येतोच. हो म्हणण्याआधी नवीन बाँड आहे का ते विचारा.

स्टेशनबाहेरच्या छत्रीखाली अंगठा लावून पोर्ट करू नका. केलं असेल तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघून घ्या.

आणि डिपॉझिट भरलेलं असेल तर ते मागून घ्या, गॅलरीत बँक खातं अपडेट करून. आमच्या मावसभावाचं तेवढं बाकी आहे, रोज उद्या जातो म्हणतो.