या चुका टाळा: जुन्या डॉसमध्ये फाइल अर्धवट का वाचली जाते?

सांगलीत हळदीच्या पेढीवरचा जुना हिशेब डीबीएफ (जुन्या डेटाबेसच्या) फायलींत पडलेला असतो आणि तो बाहेर काढायचं काम घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराच्या गळ्यात पडतं. पोरगं डॉसबॉक्समध्ये (जुनी डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम आजच्या संगणकावर चालवणारा प्रोग्राम) टर्बो सी हा जुना सी कंपायलर चालवतं, प्रोग्राम तीन बाइट वाचून थांबतो, आणि 'फाइल खराब झालीय' असा निरोप पेढीवर जातो.

फाइल ठणठणीत असते. डीबीएफच्या पहिल्या बाइटनंतर शेवटच्या बदलाचं वर्ष, महिना, दिवस असे तीन बाइट येतात. शेवटचा बदल २६ तारखेचा असेल तर चौथा बाइट २६, म्हणजेच कंट्रोल-झेड, 'मजकूर इथे संपला' ही जुनी खूण! डॉसच्या आधीची सीपीएम ही ऑपरेटिंग सिस्टिम फाइलची लांबी १२८ बाइटच्या रेकॉर्डांत मोजायची. मजकूर नेमका कुठे संपला ते कळायला ही खूण लागायची. डॉसने बाइटपर्यंत आकार नोंदवला, तरी खूण मागे राहिलीच. म्हणून फाइल उघडणाऱ्या एफओपनला 'आर' (मजकूर म्हणून वाच, खूण दिसली की थांब) नको, 'आरबी' (बाइट जसेच्या तसे वाच) द्या. टाइप कमांडने फाइल तपासू नका, तीही तिथेच थांबते.

'हळद*.डीबीएफ' दिल्यावर एकही फाइल उघडत नाही? युनिक्समध्ये शेल (आज्ञा घेणारा प्रोग्राम) ताऱ्याच्या जागी जुळणारी नावं उलगडून देतो, डॉसचा शेल कमांड.कॉम देत नाही. तारा जसाच्या तसा प्रोग्रामच्या हाती येतो. टर्बो सीमध्ये हे काम करणारी वाइल्डआर्ग्ज.ओबीजे लिंक करा.

असेंब्लीत लिहिणाऱ्यांची गोची वेगळी. प्रोग्रामच्या नावापुढे टाइप केलेली ओळ डॉस पीएसपीमध्ये (प्रोग्रामसाठी मेमरीत राखलेला माहितीचा भाग) हेक्स ८० पासून ठेवतो: आधी लांबीचा बाइट, मग अक्षरं. आणि डिस्कच्या कामाचा डीटीए बफरही मुळात तिथेच! पहिली फाइल शोधायला फाइंड-फर्स्ट बोलावलं की ४३ बाइट त्या ओळीवर लिहिले जातात. पहिली फाइल सापडते, दुसरीचं नाव गायब. हा घोळ सीपीएमकडून वारशात आलेला आहे. सुरुवातीलाच ओळ दुसरीकडे कॉपी करा, किंवा फंक्शन हेक्स १ए ने डीटीए हलवा. (दशमानात तेही २६च. निव्वळ योगायोग.)

हेक्स ५सी आणि ६सी ला तयार मिळणाऱ्या एफसीबींच्या (फाइल उघडायच्या जुन्या पद्धतीतल्या नोंदी) नादी मात्र लागू नका. पहिला उघडला की दुसऱ्यातलं नाव पुसलं जातं, आणि एफसीबीला सबडिरेक्टरी कळतच नाही. १९८३ च्या डॉस २.० पासून आलेले हँडलचे (उघडलेल्या फाइलला क्रमांक देणारे) कॉल वापरा.